कमानीचा भार

(सावली तालुक्यातलं भाताचं एक गाव. आज पोळा, ऊन उतरलं की आखरावर, म्हणजे गावाशेजारच्या गुरांच्या मैदानात, बैल तोरणाखाली उभे राहतील. गावातली एकच जोडी दरसाल सगळ्यांच्या आधी तोरणाखालून जाते, आणि ती सुरेंद्रची. पारावरची सकाळची बैठक आणि आखरावरचं तोरण बांधणं आटोपून तो दुपार कलताना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा घरी आलाय. बायको प्रेमिला पडवीत बसलीय. खाटेवर एक जुनं चित्र फ्रेममधून काढून ठेवलंय.)

प्रेमिला : हात नोका लावू जी! काच ओली आहे अजून. आन् चपला बाहीर काढा, आत्ताच सारवलं मी.

सुरेंद्र : काढतो ना बाप्पा. पयले आयकून त घे काय झालं पारावर. अशी बोलती बंद केली त्याची, सारा पार चिडीचूप!

प्रेमिला : कोनाची?

सुरेंद्र : पोचूची. अजून कोनाची? बैठक चांगली चालू होती, हा मधातच उभा झाला. म्हनते कसा, "तोरणाचा पयला मान दर साली सुरेंद्रच्याच जोडीले काऊन? पाळी लावा. एक पोळा त्याचा, एक माहा."

प्रेमिला : मंग? वाईट काय म्हनलं पोचूभाऊनं?

सुरेंद्र : वाईट? अवं, इज्जतीचा सवाल आहे! पणज्याच्या टाइमपासून आपली जोडी पयली जाते. आज पाळी लावली, उद्या म्हनतीन चिठ्ठ्या टाका. मी सरळ सांगतलं, पुरावा पायजे का? माह्या घरी भिंतीवर लटकून आहे. विलायतेत नवा राजा गादीवर बसला, तवा इथच्या मालगुजारानं, गावाच्या जमीनदारानं, जलसा केला. चांद्याच्या जटपुरा गेटाच्या नमुन्यावर एवढी मोठी कमान केली. चांद्याहून चितारी बोलावून थ्या जलशाचं चित्र काढून घेतलं. आन् थ्या चित्रात कमानीखाली फेटा बांधून, हात वर करून जयजयकार करून राह्यला, थो कोन? माहा पणजा! मालगुजाराचा मानकरी. म्हून मान आमचा. फिनिश.

प्रेमिला : एवढंच बोलले ना?

सुरेंद्र : हो. म्हनजे... थोडसं आनखी.

प्रेमिला : थोडसं म्हनजे केवढं?

सुरेंद्र : जाऊ दे ना. फ्लेक्सवाला प्रवीण फोटोसाठी थांबून आहे. तोरणाजवर मोठा फ्लेक्स लावतो चित्राचा, म्हनजे पुढच्या साली कोनी तोंड उघडणार नाई. पुसलं का नीट? दे मोबाइल.

प्रेमिला : मोबाइल देतो. पयले थे थोडसं सांगा. तुमचं थोडसं मले लग्नापासून मालूम आहे.

सुरेंद्र : ...म्हनलो, "ए पोच्या, तुह्या खानदानात कोनाच्या डोक्यावर फेटा आला का कधी? वझं वाहनाऱ्याच्या वंशानं तोरणाचा मान मांगू नये."

प्रेमिला : अगा माय.

सुरेंद्र : बोलण्याच्या भरात निंगालं.

प्रेमिला : साऱ्यायसमोर?

सुरेंद्र : बैठक साऱ्यायचीच असते.

प्रेमिला : काय म्हनले थे मंग?

सुरेंद्र : काय म्हननार? खांद्यावरचा दुपट्टा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला, खाली बसला. पोट्टे हासले. मी म्हनलं ना, चिडीचूप.

प्रेमिला : तुमच्यापेक्षा मोठे आहेत थे. आखाडात तुमचा टॅक्टर भाताच्या बांधीत फसला, चाक अर्धं चिखलात गेलं, तवा कोनाच्या जोडीनं काढला? आपल्या का? आपली जोडी त वर्षभर दावणीले बसून ढेप खाते आन् पोळ्याले शिंगं रंगवून नवरदेवावानी मिरवते.

सुरेंद्र : मदत वेगळी, मान वेगळा. तू दोन्हीची खिचडी नोको करू. दाखव चित्र.

प्रेमिला : पाहा. अंदरून काजळी बसली होती काचेले. तुमची आई चुलीच्या वरच लटकवून ठेवत होती ना इतके साल. राखेनं घासली, मंग कुठी साफ झाली.

सुरेंद्र : वा वा वा! अरे, काय रंग आहे! आपन त सारं काळं न् भुरंच समजत होतो. हे पाय, कमानीवर राजाचा फोटो. आंब्याच्या डहाळ्या, पताका. वर थो हत्तीवर चढलेला सिंह, जटपुरा गेटावर आहे तसाच. खालतं घोड्यावर गोरा साहेब. मागं छत्री धरून कोनी तरी. आन् हा जाडा, मालगुजार. आन् इकडं, डाव्या बाजूचा तिसरा, कानात बाळी... पाह्यला का? आमच्या घराण्याचं नाक आहे का नाई? आता सांगावं त्यानं पुरावा नाई म्हून!

प्रेमिला : मले एक समजलं नाई. पुसता पुसता पाहात होतो मी. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.

सुरेंद्र : विचार ना.

प्रेमिला : याच्या फेट्याले तुरा कुठी आहे? शेमला कुठी?

सुरेंद्र : त्या टाइमची फॅशन असन. छोटा फेटा.

प्रेमिला : छोटा किती? हा वाटीएवढा आहे. टाळूवर ठेवला फक्त. कान उघडे, कपाळ उघडं.

सुरेंद्र : चिताऱ्यानं घाईत काढला असन. साहेब थोडीच थांबते कोनासाठी?

प्रेमिला : घोड्याच्या लगामाचा एक एक गोंडा काढला त्यानं. साहेबाच्या कोटाची बटनं मोजता येते. यायच्याच फेट्याले घाई झाली का?

सुरेंद्र : तुले काय म्हनाचं आहे?

प्रेमिला : मी काही म्हनून नाई राह्यली. विचारून राह्यली. हा हात पाहा. जयजयकार करताना कोनी आभाळाले तळवा लावते का? मूठ वळते मानूस. नाईतर हात जोडते. यानं पाट उचलल्यावानी तळवे वर केले. एकानं नाई, साऱ्यायनं.

सुरेंद्र : सलामी असन तशी. इंग्रजायची सलामी.

प्रेमिला : गुडघे वाकवून?

सुरेंद्र : कुठी वाकले?

प्रेमिला : हे काय. इतके साल इथी काळा पट्टा होता काजळीचा, म्हून दिसत नव्हते. पोटऱ्यापर्यंत चिखलात उभे आहेत. आन् बाळीवाल्याची मान पाहा, खांद्यात घुसली पुरी.

सुरेंद्र : थांब. चष्मा दे.

प्रेमिला : घ्या.

सुरेंद्र : ...पावसाळ्यात झाला हा जलसा. बांध्या हिरव्या आहेत मागं. पाणी भरून आहे.

प्रेमिला : हो. श्रावणावानी दिसते.

सुरेंद्र : श्रावणात कोन मूर्ख कमान गाडते बांधीच्या काठाले? माती लोण्यावानी होते. लग्नाच्या मांडवाचा खांब रात्रीतून कलते, त कमानीचं एवढं मोठं ढोलं कसं उभं राहीन?

प्रेमिला : थेच मी विचार करून राह्यली.

सुरेंद्र : कमानीचे खांब कुठी टेकले मंग?

प्रेमिला : तुम्हीच पाहा.

सुरेंद्र : इथी... नाई, हे गवत आहे. इथून खांब खाली येते... येते... आन् थांबते. मधातच थांबते. खाली मोकळं आहे. खालून चिखल दिसून राह्यला. प्रेमिला, हे खांब जमिनीले टेकलेच नाई.

प्रेमिला : खांबाखाली आडवी बल्ली आहे. बल्लीखाली मानसं.

सुरेंद्र : मानसं?

प्रेमिला : दोन्हीकडं. साहेब मधातून घोड्यावर चालला, आन् हे कमान धरून उभे आहेत. मानसायचेच खांब केले मालगुजारानं.

सुरेंद्र : मंग हा फेटा नोहे.

प्रेमिला : नाई.

सुरेंद्र : हे त...

प्रेमिला : बोला ना. रोज पाहता तुम्ही. घागर उचलाच्या पयले डोक्यावर काय ठेवतो मी?

सुरेंद्र : चुंबळ.

प्रेमिला : आं?

सुरेंद्र : चुंबळ आहे ना, चुंबळ! काऊन दोनदा वदवून घेतं माह्या तोंडून?

प्रेमिला : मी नाई घेतलं जी. सारा जन्म घरात चुंबळ पाहाची आन् चित्रात फेटा पाहाचा, याले काय म्हनाव?

सुरेंद्र : माहा बाप सांगत होता. त्याले त्याच्या बापानं सांगतलं होतं. शब्दान् शब्द पाठ आहे मले. "थ्या जलशात कमानीचा सारा भार माह्या आज्यावर होता." पाहुणा आला का पयले हेच. खाटेवर बसून, मिशीवर हात फिरवून, "सारा भार होता!" आम्ही समजलो, कारभार. जिम्मेदारी. मानसं लावणं, पताका आणणं, साहेबाची व्यवस्था.

प्रेमिला : भारच म्हनले थे. खोटं कुठी बोलले? तुमच्या पणज्यानं खरं थेच सांगतलं असन बिचाऱ्यानं. मागच्यायनं त्याचा कारभार केला.

सुरेंद्र : आन् मी त्याचा फेटा केला.

प्रेमिला : पाणी देऊ का?

सुरेंद्र : नोको. फोन वाजून राह्यला पाय... हॅलो. हो प्रवीण. हो हो, चित्र तयार आहे. म्हनजे... फोटो नीट नाई येऊन राह्यला बे. काचेवर उजेड पडते. करतो, पाठवतो. ठेव. ...प्रेमिला.

प्रेमिला : काय?

सुरेंद्र : चूल पेटवली का तू?

प्रेमिला : पुरणाची डाळ चढवून आहे. काऊन?

सुरेंद्र : तवा दे जरा. जुना. खालून काजळी असन त्याले.

प्रेमिला : कायले?

सुरेंद्र : काचेले अंदरून लावतो. पूर्ण नाई. खालचा पट्टा फक्त, आन् डोक्याजवर थोडसं. पयले होती तशी.

प्रेमिला : तुम्ही शुद्धीवर आहात ना?

सुरेंद्र : आजच्या दिवस! पोळा होऊन जाऊ दे, मंग पुसून टाकू. सकाळी साऱ्या गावासमोर बोललो मी. आता फ्लेक्स लावला, आन् कोन्या पोट्ट्यानं मोबाइलमधी मोठं करून पाह्यलं, त काय राहीन माहं? फ्लेक्स नाई लावला, तरी विचारतीन. मी कुठी तोंड लपवू? दे ना तवा.

प्रेमिला : तवा तिथीच आहे चुलीजवर. हातानं घ्या. तुमच्या पणज्याच्या तोंडाले काळं लावाचं असन त तुमच्याच बोटानं लावा, माह्यानं नाई होत.

सुरेंद्र : तू माही बायको आहे का पोचूची वकील?

प्रेमिला : मी काच पुसनारी बाई आहे. तुम्हीच म्हनले, साफ कर.

सुरेंद्र : घेतो. मीच घेतो.

प्रेमिला : काऊन बसले? जा, घ्या तवा.

सुरेंद्र : नाई होत.

प्रेमिला : एक सांगा मले. लाज कायची वाटून राह्यली तुमाले? पणज्यानं वझं वाह्यलं त्याची, का तुम्ही सकाळी जे बोलले त्याची?

सुरेंद्र : पयले त... पणज्याचीच वाटली. खरं सांगतो. चुंबळ दिसली आन् वाटलं, जसं माह्याच डोक्यावरून कोनी कपडा ओढला. मंग मनात आलं, लेका, ज्यानं एवढं मोठं ढोलं साहेब जाईपर्यंत चिखलात उभं राहून धरलं, त्याची तुले लाज वाटते? आन् वाटते म्हनूनच सकाळी तुह्या तोंडून थे निंगालं.

प्रेमिला : काल रात्री तुम्हीच बैलाचे खांदे शेकले ना? हळद-लोणी लावून? "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हनले ना बैलाले हात जोडून?

सुरेंद्र : म्हनलो.

प्रेमिला : काऊन म्हनतो आपन तसं? जू वाहते म्हून. पोळा सणच वझं वाहनाऱ्याचा. आन् पोळ्याच्याच दिवशी तुम्ही म्हनले, वझं वाहनाऱ्याच्या वंशानं मान मांगू नये. तोरणाखाली मंग कोन जाईन, साहेबाचा घोडा?

सुरेंद्र : बस कर, प्रेमिला.

प्रेमिला : केली. कोनी आलं वाटते दारात. ...पोचूभाऊ! या, या. बसा ना.

पोचू : जोहार, बाई. बसत नाई. घुंगूरमाळ द्याले आलो.

प्रेमिला : अजी, परवाच त नेली तुम्ही! मोऱ्या बैलाच्या गळ्यात घालाची होती ना आज?

पोचू : लागत नाई आता. जोडी तोरणात नेत नाई मी. घरीच पुजतो. ठाणावरच निवद दाखवतो.

प्रेमिला : असं नोका करू भाऊ. सणाच्या दिवशी बैल घरी बांधून ठेवाचा का?

पोचू : बैलाले काय समजते. त्याले पोळी भेटली म्हनजे पोळा. इथी ठेवू का माळ?

सुरेंद्र : पोचू.

पोचू : हं.

सुरेंद्र : आत ये. एक दाखवाचं आहे तुले.

पोचू : पाह्यलं बा. सकाळी तूच दाखवलं, तोंडानं.

सुरेंद्र : थे चुकीचं दाखवलं. ये ना. एक मिनट. हे पाय, हे थे चित्र. थे फेटेवाले... फेटे नाई थे. चुंबळा आहेत. कमान जमिनीत गाडलीच नव्हती. यायच्या डोक्यावर होती. आन् हा बाळीवाला, माहा पणजा, थो मानकरी नोहे. वझंवाला होता. बेगारीले धरून आणला असन.

पोचू : चष्मा नाई माह्याजवर.

प्रेमिला : घ्या, यायचा घ्या.

पोचू : ...लय भारी दिसते वझं.

सुरेंद्र : हो.

पोचू : चिखलात पाय आहेत. पाय हालवता येत नसन यायले. घोडं लवकर गेलं असन का हळू?

सुरेंद्र : जलसा होता. हळूच गेलं असन.

पोचू : हळूच गेलं असन.

सुरेंद्र : आन् बाजूचा हा मानूस पाय ना. गळ्यात माळा आहेत, केसाचा बुचडा आहे. तुमच्या जमातीपैकी वाटते. एकाच बल्लीखाली दोघं. तुहा पणजा असन कदाचित.

पोचू : असन. नसन बी. वझ्याखाली साऱ्यायचं तोंड सारखंच होते.

सुरेंद्र : म्हनूनच म्हनतो, माहं चुकलं. माहाच मानूस वझंवाला, आन् मी तुले बोललो. मले मालूम नव्हतं, पोचू. आईची शपथ, मालूम असतं त बोललोच नसतो.

पोचू : एक विचारू?

सुरेंद्र : विचार.

पोचू : हा खरंच फेटा असता त?

सुरेंद्र : म्हनजे?

पोचू : बाईनं काच पुसली. चुंबळ निंगाली. म्हून तू मले बलावलं. फेटाच निंगाला असता त? तुरा असता, शेमला असता. तवा सकाळचं बोलणं बराबर होतं का?

सुरेंद्र : नाई.

पोचू : आत्ता म्हनतं.

सुरेंद्र : नाई, पोचू. तवा बी नव्हतं बराबर. फक्त तवा... मले कधी समजलंच नसतं.

पोचू : हे खरं बोलला.

प्रेमिला : बसा ना भाऊ. चहा टाकतो.

पोचू : नोको बाई. सुरेंद्र, मान मांगाले मी पयल्यांदाच उभा झालो आयुष्यात. आमचा मोऱ्या बुढा झाला. औंदा चिखलणीतच दोनदा बसला. पुढच्या पोळ्याले राहीन का नाई, मालूम नाई. मनात आलं, एक डाव त्याले साऱ्यायच्या पुढं चालू द्याव. साऱ्या गावाच्या बांध्या चिखलल्या त्यानं. एवढंच होतं. तुह्या पणज्यासंग माहं भांडण नव्हतं.

सुरेंद्र : मंग ने ना आज! तुही जोडी पयली. मी सोता सांगतो साऱ्यायले. माही जोडी शेवटी उभी करतो, पायजे त.

पोचू : आता थो मान कसा दिसन? दया केल्यावानी. लोक म्हनतीन, रडला म्हून देला.

सुरेंद्र : मंग मी काय करू? तूच सांग.

पोचू : तू बोलला तवा माही सून पाण्याले चालली होती. पाराजवर थांबली. पुरं आयकलं. मंग घागर घेऊन गेली. मी घरी गेलो, तिनं जेवाले वाढलं, भाजी आनखी पायजे का विचारलं. बाकी एक शब्द नाई. मले तिच्या तोंडाकडं पाहता येऊन नाई राह्यलं, सुरेंद्र. बोलला तू आन् मान खाली माही.

प्रेमिला : आयकून राह्यले ना?

सुरेंद्र : आयकून राह्यलो.

पोचू : पोट्टे हासले, त्याचं काही नाई. पोट्टे कायलेही हासते.

सुरेंद्र : मी सांगतो. आजच सांगतो, तोरणाखाली, माइकवर. सकाळी जेवढे होते थ्यायच्यासमोर. हे चित्र घेऊन येतो, साऱ्यायले चुंबळ दाखवतो, बल्ली दाखवतो. म्हनतो, पाहा बाप्पा हो, माहा पणजा बी...

पोचू : चित्र नोको आणू.

सुरेंद्र : काऊन? त्याच्याबिगर कोन मानीन?

पोचू : चित्र दाखवशीन, त लोक चित्रच पाहातीन. म्हनतीन, कशी गंमत झाली, सुरेंद्रच्या पणज्याचा फेटा उतरला. हासतीन, घरी जातीन. माहं तसंच राहीन. चित्राबिगर बोलता येत असन, त बोल.

सुरेंद्र : चित्राबिगर काय बोलू?

पोचू : थे मी कसं सांगू? सकाळी मी सांगतलं होतं का?

प्रेमिला : तुम्ही याल ना भाऊ आखरावर?

पोचू : येईन. बैल नाई आणत. मागं उभा राहीन, कडुलिंबाखाली. येतो बाई. जोहार.

सुरेंद्र : घुंगूरमाळ त घेऊन जा.

पोचू : राहू दे तिथीच.

प्रेमिला : ...गेले.

सुरेंद्र : माळ नेली नाई.

प्रेमिला : नाई नेली.

सुरेंद्र : फोन वाजून राह्यला पुन्हा. प्रवीणच असन. ...हॅलो. नोको बे, फ्लेक्स नाई लागत. नाई, काही नाई झालं. लावाचाच नाई म्हून नाई लावत. ठेव. ...डफडे सुरू झाले का आखरावर?

प्रेमिला : कवाचे. बैल निंगाले लोकायचे.

सुरेंद्र : प्रेमिला, सकाळी कसे धडाधड शब्द येत होते, कोनी थांबवले नाई थांबत होते. आता पयलाच सापडून नाई राह्यला. तिथी उभं राहून सुरुवात काय करू?

प्रेमिला : "पोचूभाऊ" म्हना.

सुरेंद्र : आन् मंग?

प्रेमिला : मंग थे मान वर करून पाहातपर्यंत थांबा.